विठ्ठल नणंद होऊन आला तेव्हा

यशवंतपूर जंक्शनवरून आठवड्यातून एकदा थेट पंढरपूरची गाडी सुटते. बेंगळुरूच्या या भागात मराठी कानावर पडली तर कुणी मान वळवत नाही. शेजारच्या मल्लेश्वरममधलं काडु मल्लेश्वराचं देऊळ सतराव्या शतकातलं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या नावाशी जोडलेलं. यशवंतपूरच्या बाजार समितीत महाराष्ट्रातला कांदा ट्रकमधून उतरतो. मत्तिकेरे, गोरगुंटेपाळ्याच्या इमारतींत कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडची तरुण जोडपी नोकरीसाठी येऊन राहिली आहेत. दोन खोल्या, दोघांच्या दोन नोकऱ्या, आणि दोघांच्याही आया रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांब.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि लेकीला घेऊन जायचं. जावई येणार तो बारशाला, पेढ्यांचे पुडे घेऊन. मधल्या काळात जे घडायचं ते आई, मावशी, आजी आणि सुईण यांच्यात घडायचं. यशवंतपूरच्या जोडप्याला हे जमतंच असं नाही. रजेचा हिशोब असतो, विम्याची अट असते, नऊ महिने तपासणाऱ्या डॉक्टरवर बसलेला विश्वास असतो. मग आईनेच इकडे यायचं ठरतं, तिचं तिकीट निघतं, आणि पोटातलं बाळ तिकिटाची तारीख पाळत नाही.

पहाटे तीनच्या सुमाराला प्रसूतिकक्षाचं दार अर्धं उघडतं आणि नर्स कन्नडमध्ये विचारते, आत कोण येणार? बाहेरच्या बाकावर नवरा एकटाच असतो.

तो उठायला क्षणभर उशीर करतो. रक्त पाहवेल का, ही धास्ती असतेच. पण तिच्याखाली आणखी एक आवाज असतो, आणि तो त्याचा एकट्याचा नसतो. फोनवरून आत्या बोललेली असते, गावाकडचे काका बोललेले असतात : बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम? या वाक्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एक धर्माचा, म्हणजे विटाळाचा. दुसरा तत्त्वज्ञानाचा : जे दुखणं आपल्या देहाला कधीच होणार नाही, त्याच्याशेजारी उभं राहून माणूस नेमकं काय देऊ शकतो?

त्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला, पंढरपुरात, या प्रश्नाची एक गोष्ट सहा-सातशे वर्षं सांगितली जाते आहे.

मंगळवेढ्याच्या चोखोबांची बायको सोयराबाई दिवस भरत आलेली होती. घरात दुसरं कुणी नाही. बहिणीला, निर्मळेला, मदतीला बोलावून आणतो म्हणून चोखोबा मेहुणपुरीला गेले आणि तिकडेच रमले. इकडे सोयराबाईला कळा सुरू झाल्या. तेव्हा विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन, नणंद होऊन दाराशी आला, आणि त्याने सोयराबाईचं बाळंतपण केलं. मूल झालं ते कर्ममेळा. खऱ्या निर्मळेने भावाला बोल लावला, की अशा वेळी बायकोला एकटी टाकून तू इथे बसलास कसा. चोखोबा घरी परतले तेव्हा सगळं आवरून नणंद निघून गेली होती.

ही गोष्ट साधी नाही. ज्या चोखोबांना जात आडवी आली आणि देवळाची पायरी चढता आली नाही, त्यांच्या घरी देव स्वतः चालत आला. आला तोही घरातल्या सगळ्यांत विटाळलेल्या मानलेल्या कोपऱ्यात. जातीचा विटाळ आणि जन्माचा विटाळ, दोन्ही त्याने एका रात्रीत ओलांडले. सोयराबाईचा विटाळावरचा अभंग आजही महाराष्ट्रात म्हटला जातो. विटाळाचं उगमस्थान देहातच आहे आणि त्याच्यावाचून कुणाचाच जन्म झालेला नाही, हा तिचा मुद्दा आहे. ज्या बाईने बाळंतपणात देवाचा हात धरला असं परंपरा मानते, तिनेच तो मांडावा यात नवल नाही.

अशीच एक गोष्ट तमिळनाडूत, तिरुचिरापल्लीच्या डोंगरावरच्या देवळात सांगतात. लेकीचे दिवस भरलेले, आई निघालेली, आणि कावेरीला पूर आला. आई पैलतीरी अडकली. तेव्हा शंकर त्या आईचं रूप घेऊन लेकीजवळ गेला. पूर ओसरल्यावर खरी आई आली आणि दारात दोन आया उभ्या राहिल्या. तिथल्या देवाचं नावच तायुमानवर, म्हणजे जो आईसुद्धा झाला तो.

दोन भाषा, दोन दैवतं, आणि गोष्टीचा सांगाडा तोच. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. विठ्ठल नणंद होऊन आला, शंकर आई होऊन आला. नवऱ्याचं रूप कुणीच घेतलं नाही. चोखोबांचं रूप घेऊन विठ्ठलाने बायकोचा हात धरला, अशी गोष्ट कुणाला सुचलीच नाही. कळा आल्या की बाई ओरडते तेही ‘आई गं!’ यशवंतपूरच्या त्या कक्षात शेजारच्या खाटेवरची बाई ‘अम्मा’ म्हणून ओरडते. नवऱ्याचं नाव त्या वेळी कुठल्याच भाषेत तोंडात येत नाही.

तेव्हा पुरुषाला ती जागाच नाही, असं म्हणून विषय मिटवता येईल का? नाही, कारण याच परंपरेने पंढरीच्या पुरुषदेवाला ‘विठाई’ म्हटलं आणि ज्ञानेश्वरांना ‘माउली’. वारीत पागोटं बांधलेला, मिशीवाला शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याला ‘माउली, जरा सरका’ म्हणतो आणि कुणाला ते वावगं वाटत नाही. आईपण हे देहाशीच बांधलेलं आहे असं मराठी भक्तीने कधी मानलं नाही. ते एक वागणं आहे, आणि ज्याला ते जमेल त्याला ते लाभतं. त्या बाकावरून उठणाऱ्या नवऱ्याने आत जायचं आहे ते या अर्थाने.

धर्मशास्त्राचं काय? सोयर पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न खरा असतो, आणि त्याची थट्टा करून कुणाची समजूत पडत नाही. त्याला त्याच्याच दप्तरातून उत्तर द्यावं लागतं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात जुन्या संस्कारांची जी जंत्री दिली आहे, तिच्यात ‘सोष्यन्तीकर्म’ असा एक संस्कार सापडतो. सोष्यन्ती म्हणजे जी आता प्रसवणार आहे ती. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आणि पारस्कर गृह्यसूत्रात तो सांगितला आहे. कळा येत असलेल्या बायकोवर नवऱ्याने पाणी शिंपडायचं आणि प्रार्थना म्हणायची, ती अशी की वाऱ्याने तळ्याचं पाणी चहूबाजूंनी हलतं तसा तुझा गर्भ हलो आणि सुखरूप बाहेर येवो. म्हणजे या जुन्या ग्रंथांतला नवरा बारशाची वाट पाहत बसलेला नाही. तो हातात पाणी घेऊन तिच्याजवळ उभा आहे. जातकर्म हा संस्कारही बापाने नाळ कापण्याआधी करायचा, असं मनुस्मृती सांगते. नाळ कापेपर्यंत सोयर लागतच नाही, असंही एक जुनं वचन निबंधकारांनी उद्धृत केलेलं आहे. त्यामुळे त्या घटकेपर्यंत बापाला दूर ठेवण्याचं कारण खुद्द शास्त्राच्याही हिशोबात बसत नाही.

शास्त्राला न जुमानणारेही आपल्याकडे होते, आणि त्यांचं ऋण मोठं आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी पंचसूतकं नाकारली. त्यांत जननसूतक आलं, रजस्वलेचं सूतकही आलं. बसवण्णांच्या उमेदीची वर्षं गेली ती मंगळवेढ्यात, बिज्जलाच्या कारभारात. पुढे तेच चोखोबा-सोयराबाईचं गाव. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीचा विटाळ मानणाऱ्यांना विचारलं, की डोळ्यांतून, नाकातून, कानांतून मळ येतो तसंच हेही शरीराचं स्रवणं, मग यालाच वेगळं का काढता? आज यशवंतपूरला राहणाऱ्या कानडी आणि मराठी दोन्ही घरांच्या मागे हा वारसा उभा आहे. फोनवरच्या आत्यालाही तो सांगता येण्यासारखा आहे, प्रेमाने.

विटाळाची अडचण अशी दूर झाली, तरी दुसरा प्रश्न उरतोच. दुखणं तिचं आहे. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषिताने प्रसववेदना वांझेला कळत नाहीत असं म्हटलं आणि ती म्हण होऊन बसली. मूल नसलेल्या किती बायकांना तिने घायाळ केलं असेल. ती फेकून द्यावी अशीच आहे. पण तिच्यातला प्रश्न पुरुषाला विचारला तर तो रास्त ठरतो. त्याला हे कळण्याची सोयच नाही.

याच दक्षिणेत एका समाजाने त्यावर विलक्षण उपाय काढला होता. कोरवा-येरुकल लोकांविषयी एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांनी लिहून ठेवलं आहे, आणि एडगर थर्स्टनच्या १९०९च्या ग्रंथातही ते आलं आहे, की बायकोला कळा सुरू झाल्या की नवरा तिचं लुगडं नेसून अंधाऱ्या खोलीत निजायचा. मूल झालं की ते त्याच्याशेजारी आणून ठेवायचे आणि औषधी काढे त्याला पाजायचे. त्या साहेबांना ही गंमत वाटली. तिच्यामागची तळमळ मात्र सहज ओळखू येते : हिचं थोडं तरी मला होऊ दे. फक्त बायको त्या वेळी दुसऱ्याच जागी असायची. दुखणं वाटून घेण्याच्या ओढीत सोबत करायची राहूनच गेली.

विठ्ठलाने सोयराबाईच्या कळा काढून घेतल्या, असं गोष्ट म्हणत नाही. देव होता, त्याला अशक्य काय होतं? तरी तिने कळा सोसल्याच. तो फक्त होता, पाणी तापवत, पाठ चोळत, वहिनी म्हणत. ‘सोबत’ या मराठी शब्दात नेमकं एवढंच आहे, आणि एवढं पुरेसं आहे याला आज भक्कम आधार मिळाला आहे. २०१७ साली कॉक्रेन संस्थेने सतरा देशांतल्या सव्वीस चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत पंधरा हजारांहून अधिक बाळंतिणी होत्या. ज्यांच्याजवळ कळांच्या काळात अखंड कुणीतरी होतं, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त, सिझेरियन कमी, वेदनाशामकांची गरज कमी, आणि कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी आखडलेला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली. कारण शरीरात आहे. गर्भाशय आकुंचन पावतं ते ऑक्सिटोसिनच्या जोरावर. भीती वाटली की ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ते त्या कामात अडथळा आणतं. घाबरलेली बाई अडते, हे सुईणींना ग्रंथांवाचून ठाऊक होतं.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीजवळ कोण असावं याची यादी आहे. अनेकदा बाळंत झालेल्या, जिव्हाळ्याच्या, प्रसंग ओळखून वागणाऱ्या, कष्ट सोसणाऱ्या, आणि ‘त्यक्तविषाद’, म्हणजे खिन्नता टाकून आलेल्या स्त्रिया. यातली पहिली अट कुठलाच नवरा पुरी करू शकत नाही. शेवटची करू शकतो, आणि ती सगळ्यांत अवघड आहे.

कारण त्या खोलीत बाप घाबरलेला असतो आणि भीती लपवायला काहीतरी काम शोधतो. सहसा त्याला यंत्र सापडतं. बायकोच्या पोटावर पट्टे बांधलेले असतात, बाजूच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरकत असते, तिच्यावर बाळाच्या ठोक्यांची एक रेघ आणि कळेची दुसरी. नवरा त्या रेघेकडे टक लावून बसतो. रेघ चढू लागली की म्हणतो, ‘आली बघ, आली.’ तिला हे यंत्राने सांगायची गरज नसते. तिला हवा असतो तिच्याकडे वळलेला चेहरा. खुर्ची फिरवून पाठ यंत्राकडे करणं, ही त्या रात्रीतली पहिली खरी मदत आहे.

दुसरी मदत तळहाताची. बाळाचं डोकं पाठीकडे दाबत असेल तर कळ कमरेत भरते. अशा वेळी माकडहाडाच्या थोडं वर, तळहाताच्या टाचेने, कळ चढताना घट्ट दाबून धरलं की पुष्कळ बायकांना हायसं वाटतं. हलक्या हाताने कुरवाळणं त्या वेळी नकोसं होतं. दाब हवा, तोही ती सांगेल तिथे, आणि कळ ओसरेपर्यंत न सोडता. मिनिटभराने हात भरून येतो. तो भरून यावा.

बोलणं थोडकं हवं. ‘रडू नकोस’ नको. ‘झालंच आता’ तर मुळीच नको, कारण झालेलं नसतं आणि तिला ते माहीत असतं. पहिलटकरणीला गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यापासून पुढे बारा तासही लागू शकतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी तेही नेहमीच्याच मर्यादेत बसतं. त्या बारा तासांत ‘झालंच’ हा शब्द दहाव्यांदा ऐकला की विश्वास उडतो. त्यापेक्षा ‘ही कळ गेली’ हे खरं असतं. मधल्या मोकळ्या वेळात पाण्याचा घोट, कपाळावर ओला रुमाल, आणि शांतता. तिचा श्वास धापेवर गेला की स्वतः सावकाश, ऐकू येईल असा श्वास सोडायचा. ती आपोआप त्या लयीत येते.

शेवटच्या टप्प्यात खोलीत एकच गजर सुरू होतो : ‘जोर लाव, जोर लाव!’ नवऱ्याने त्यात आवाज मिसळू नये. चरकाने स्पष्ट बजावलं आहे की कळ नसताना तिला जोर करायला लावू नका, तो वाया जातो आणि अपायही करतो. आजची शिफारसही हीच, की बाईने आतून येणाऱ्या ओढीप्रमाणे जोर करावा.

आणि भाषा. यशवंतपूरच्या कक्षात नर्स प्रेमानेच सांगत असते, ‘उसिरु तगोळ्ळी’, श्वास घ्या. कंपनीत दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला त्या घटकेला इंग्रजीही परकी होते. तिचं म्हणणं नर्सला आणि नर्सचं तिला, शांत आवाजात, तिच्या मायबोलीत पोचवणारा माणूस फार मोलाचा. हे टाके कशासाठी, हे इंजेक्शन कसलं, थोडं थांबता येईल का, हे तिच्या वतीने नम्रपणे विचारणं हेही त्याचंच काम. सिझेरियनचा निर्णय झाला तर सही करून बाकावर परत न जाता, परवानगी असेल तर तिच्या उशाशी बसणं हेही.

एखाद्या क्षणी ती त्याचा हात झिडकारते. ‘तू बाहेर जा’ म्हणते. बहुधा गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडायच्या बेतात असतं तेव्हा हे होतं. इथे पुरुषाचा मान दुखावतो, आणि इथेच त्याची परीक्षा असते. दोन पावलं मागे जावं, दिसेल असं उभं राहावं. ती खरंच नको म्हणत असेल तर जावं. बाळंतपणात पुरुषाने असूच नये, असं फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ मिशेल ओदाँ यांनी आग्रहाने मांडलं. बाप घाबरतो आणि त्याची भीती तिला लागते, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या पुरुषांना ते लागू करणं अन्यायाचं आहे, पण ज्या बाईला नवऱ्यासमोर उघडं पडणं संकोचाचं वाटतं किंवा ज्या घरात त्याचा धाकच आहे, तिच्यासाठी ते शब्दशः खरं आहे. शिफारसीतले ‘तिच्या पसंतीची’ हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे. आत जाणं हा नवऱ्याचा हक्क नाही. ते तिने दिलेलं बोलावणं आहे, आणि ते तिने आधी, शांत दिवसांत, न दबता देता आलं पाहिजे.

बौद्ध परंपरेत, मज्झिमनिकायात, अंगुलिमालाची कथा आहे. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर भिक्षू झाला. एके दिवशी श्रावस्तीत भिक्षेला फिरताना त्याला अडलेली बाई दिसली आणि जिवांना केवढं सोसावं लागतं, हे जाणवून तो हलून गेला. त्याने ते बुद्धाला सांगितलं, आणि बुद्धाने त्याला तिच्याकडे परत पाठवलं. आर्यजन्म, म्हणजे भिक्षू म्हणून नवा जन्म घेतल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझं आणि तुझ्या गर्भाचं कल्याण होवो, असं तो तिच्यापाशी जाऊन म्हणाला, आणि ती सुखरूप मोकळी झाली. श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात गरोदर बाईसाठी ते परित्त, म्हणजे रक्षणाचा पाठ, आजही म्हणतात. या कथेवरच्या जुन्या अट्ठकथेत, म्हणजे टीकेत, एक बारीक तपशील आहे. भिक्षू येणार म्हणून घरच्यांनी बाईभोवती पडदा धरला आणि पडद्याबाहेर त्याच्यासाठी आसन मांडलं.

तो पडदा आज फार कामाचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतिसोबतीला मान्यता दिली. सोबतीण बाईच असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. पण जिथे खासगीपणा राखता येतो तिथे नवऱ्यालाही येऊ द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. खासगी रुग्णालयात स्वतंत्र खोली घेता येणाऱ्या जोडप्याला म्हणून अडचण नाही. बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालाची बायको जिथे जाते तिथे खाटेला खाट लागलेली असते, आणि शेजारणीची लाज राखायची तर हिच्या नवऱ्याला बाहेरच थांबवावं लागतं. त्याला आत जायची इच्छा नसते असं नाही. तो बाकावर बसून आतला आवाज ऐकत असतो आणि तिचा आवाज ओळखायचा प्रयत्न करत असतो. त्याच्या आणि तिच्या मध्ये ना उपनिषद उभं आहे, ना मनुस्मृती. दोन खाटांच्या मध्ये एक दांडी आणि तिच्यावर एक जाड कापडी पडदा, एवढंच तिथे लागलेलं नाही.